चारशे बारा निळे पट्टे

रविवारी सकाळी आठ वाजता अर्धं गाव बादल्या घेऊन डोंगर चढत होतं आणि सगळ्यांच्या पुढे पेंटर होता. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. त्याचं खरं नाव आता फक्त पासबुकात उरलं होतं. एका हातात थिनरचा डबा, दुसऱ्या हातात तारेच्या ब्रशांचा जुडगा, आणि अंगात असा काही हुरूप की तो पुढे जायचा, मागे यायचा, रेंगाळणाऱ्यांना हाकायचा आणि परत पुढे पळायचा. बाकीचे तो डोंगर एकदा चढले, हा तीनदा चढला.

"काकू, पाय उचला! झाडं काय तुमची वाट बघत उभी राहणारेत?"

"मग काय पळून जाणारेत?" बेकरीवाल्या काकू धापा टाकत म्हणाल्या, आणि अख्खी रांग हसली.

त्या दिवशी हसायला कारण लागतच नव्हतं. पाच महिने नुसते अर्ज खरडणाऱ्या माणसांच्या हाताला आज काम मिळालं होतं. दोन उन्हाळ्यांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात वणवा लागला आणि तीन दिवस गावावर राख पडत होती. तेव्हापासून धूर दिसला की गाव घराबाहेर धावायचं, त्यात खोटं काही नाही. पण जंगलखात्यानं त्यावर काढलेला इलाज रोगापेक्षा भयंकर निघाला. सरकारी जंगलातली झाडं पाडून जंगल विरळ करायचं, म्हणजे आगीला खायला काही उरणार नाही! ज्यानं तो वणवा स्वतः विझवला होता, त्या बंबवाल्यानं भर सभेत उभं राहून सांगितलं, "पेटतं ते खालचं वाळलेलं गवत, काटक्या, झुडपं. मोठ्या झाडाची साल विटेएवढी जाड असते. ती झाडं सावली धरतात, जमिनीत ओल धरतात. खालचा कचरा काढा ना! आम्ही सगळे येतो विळे घेऊन." खात्यानं आभार मानले, अर्ज ठेवून घेतला, आणि तो अर्ज जो गेला तो गेलाच.

मग एके दिवशी डोंगरावरच्या झाडांवर निळे पट्टे उमटले. तेही कुठल्या झाडांवर? सगळ्यांत जुन्या, सगळ्यांत मोठ्या, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या. त्या गावात चाळीस वर्षं झाडावरच्या रंगाच्या पट्ट्याचा एकच अर्थ होता. दरवर्षी खातं किडकी, वाळकी झाडं हुडकायचं, त्यांना पट्टा मारायचं आणि महिन्याभरात ती आडवी व्हायची. शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं.

आणि पट्टे मारले कुणी? पेंटरच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं. ताई जंगलखात्यात गार्ड होती. ती त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची, हा खाली. पहिला पट्टा दिसला त्या दिवसापासून पेंटरनं तिच्याशी बोलणं टाकलं. एवढ्यावर गप्प बसला असता तर तो पेंटर कसला! त्यानं सहा फुटी पाटी रंगवली, 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ', आणि ताईच्या ऑफिससमोरच्या कुंपणाला बांधून टाकली. अक्षरांना खाली सावलीसुद्धा दिली होती. पाटी फार देखणी झाली होती, आणि त्याला तिचा अभिमान होता.

वर पोहोचल्यावर त्यानं धावत जाऊन दिसेल त्या पट्ट्यावर स्वतः पहिला ब्रश चालवला. थिनरचा बोळा, मग तारेचा ब्रश, मग पुन्हा बोळा. पट्टा गेला तशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण पेंटरचं डोकं त्याहून पुढे धावत होतं. "नुसतं पुसून भागणार नाही," तो ओरडला. "पुसलेली जागा ओळखू येते. वरून ओली माती चोळा, म्हणजे खात्याच्या बापालाही सापडायचं नाही कुठलं झाड होतं ते!"

मग जे काम सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. दीडदोनशे माणसं, कुणी एक झाड धरलं, कुणी दोन, कुणी तीन. दातांचे डॉक्टर सालीच्या फटीफटीत लहान ब्रश घालून असे काही घासत होते की झाडानं आ केला असता तर त्यांनी आतूनही साफ केलं असतं. काकूंच्या झाडावर ढोलीतून काहीतरी कुरकुरत होतं, आणि काकू त्याच्याशी तासभर तावातावानं भांडत होत्या. बंबवाला गाणं म्हणत होता आणि ते कुणालाच आवडत नव्हतं. पेंटर इकडून तिकडे धावत थिनर वाटत होता, माती नीट चोळली की नाही ते बघत होता, शाबासक्या देत होता. दीड वाजता शेवटचा पट्टा गेला आणि अख्ख्या उतारावर आरोळी उठली. पेंटरला वाटलं, आपण आयुष्यात दुसरं काही केलं नसतं तरी चाललं असतं.

तेवढ्यात खालच्या वाटेनं एक जाडसर माणूस वर आला. तो उद्या सुरू होणाऱ्या झाडतोडीचा मुकादम होता, यंत्रं कुठे लावायची ते बघायला आला होता. त्यानं कपाळावर हात धरून उतारभर नजर फिरवली.

"एकही पट्टा नाही?"

"एकही नाही!" पेंटर छाती काढून म्हणाला.

"बरं झालं बाबा. निवडानिवड वाचली. सरसकट."

"सरसकट काय?"

"तोडायचं," मुकादम म्हणाला. मग समोरचे चेहरे बघून तो जरा गोंधळला. "अहो, पट्टा असेल ते झाड राखायचं, नसेल ते पाडायचं. नवी पद्धत आहे. राखायची थोडी आणि पाडायची फार, म्हणून थोड्यांनाच रंग लावतात. गावाला आलेल्या नोटिशीत लिहिलंय की. तिसऱ्या पानावर."

तिसरं पान कुणीच वाचलं नव्हतं. पेंटरनं तर ते वाचायला शिल्लकच ठेवलं नव्हतं. नोटिशीचा कागद चांगला जाड होता, म्हणून त्यानं मोर्च्याच्या फलकांसाठी त्याचं स्टेन्सिल कापलं होतं. 'जंगल वाचवा'तला 'जं' नेमका त्या परिच्छेदातून गेला होता. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो हा असा.

"मला तर नवलच वाटलेलं," मुकादम पुटपुटला. "एवढी मोठमोठी झाडं राखायला कुणी लावलं खात्याला, म्हणून."

"उद्याचं काम थांबवा," डॉक्टर म्हणाले.

"मी कोण थांबवणार? मला कागद आलाय. उद्या सात वाजता चौदा करवती चालू करायच्या. बिनपट्ट्याचं दिसलं की पाडायचं. कागद बदलला तर मी बदलेन." एवढं बोलून तो उतरून गेला. त्याच्या मागोमाग पेंटर जो सुटला, तो घराचा जिना येईपर्यंत थांबला नाही.

ताई खुर्चीत बसून अहवाल लिहीत होती. एक पाय पट्टी बांधून स्टुलावर ठेवला होता. पाय गुरुवारी मुरगळला होता. पेंटरला ते माहीत होतं, कारण तेव्हापासून जिन्यावर लंगडत्या पावलांचा आवाज येत होता. पण विचारायला तो गेला नव्हता.

"ताई."

"आज सूर्य कुठून उगवला?" वहीतून मान वर न करता ती म्हणाली. "तीन आठवड्यांनी वाचा फुटली."

"ताई, पट्टे पुसले आम्ही."

"कुठले?"

"सगळे. वरून माती पण चोळली."

तिनं पेन खाली ठेवलं. "चारशे बारा?"

"मोजले नाहीत."

"मी मोजलेत!" आता तिचा आवाज चढला. "साहेब म्हणाले होते तीनशे. एकेका झाडासाठी महिनाभर भांडले मी त्यांच्याशी. नको नको ते ऐकून घेतलं आणि चारशे बारावर आणलं. वीस दिवस त्या उतारावर डबा घेऊन फिरले. आणि तू एका सकाळीत..."

"मग सांगायचंस ना मला!"

"तू विचारलंस? एका छपराखाली राहतो आपण, एका नळाचं पाणी पितो, आणि तू रस्त्यावर पाटी लावलीस! जाता-येता मान खाली घालून गेले मी त्या पाटीखालून. चहावालासुद्धा हसायचा."

दांडा कोण ठरला होता ते आता पाटीवर लिहून सांगायची गरज उरली नव्हती. तो फरशीवर बसला आणि चांगला हुंदके देऊन रडला. ताईनं त्याला अर्धा मिनिट रडू दिलं.

"पुरे. साहेबांचा फोन सोमवारी दुपारपर्यंत लागायचा नाही. मी तक्रार लिहिली तर लिहायला दोन मिनिटं, वाचायला साहेबांना दोन दिवस. आणि करवतीला एक झाड पाडायला बारा मिनिटं. किती वाजले?"

"अडीच."

"अंधार पडायला चार तास आहेत. ती रजिस्टरवही घे आणि मला वर ने."

"या पायानं?"

"पाय चालत नाही. डोकं चालतंय. तुझं उलटं आहे."

पेंटरच्या मागून बंबवाला आणि डॉक्टरही खाली आले होते. बेकरीतली खुर्ची आणली, ताईला तिच्यात बसवलं, आणि एका बाजूनं बंबवाला, दुसऱ्या बाजूनं डॉक्टर अशी वरात निघाली. ऑफिससमोर आल्यावर बंबवाल्यानं न सांगता खुर्ची खाली ठेवली, कुंपणावरची पाटी ओढून काढली आणि उलटी करून गवतात टाकली. ताईनं पाटीकडे वळून बघितलं नाही. पण पुढे चढाला लागल्यावर ती डॉक्टरांना "सांभाळून हो, उजवीकडे दगड आहे" म्हणाली, आणि तिचा आवाज नेहमीसारखा होता.

वर सगळे माना खाली घालून उभे होते. उतारावर चार-पाच हजार झाडं. वहीत प्रत्येक राखीव झाडाची जात होती, घेर होता, पण ते कुठे उभं आहे ते नव्हतं. ते सांगायला पट्टा होता, आणि पट्ट्यावर गावानं माती चोळली होती.

"सगळ्यांनाच पट्टे मारू!" पेंटर उसळला. "एकूणएक झाडाला! मग बघू काय पाडतात!" लगेच दहापंधरा आवाज त्याच्या मागून उठले.

"मारा," ताई म्हणाली. "कागदावर चारशे बारा आहेत. एक जरी जास्त भरला तर सगळ्या खुणा खोट्या धरतात, आणि खोट्या खुणेला करवत भीक घालत नाही. चारशे बारा म्हणजे चारशे बारा. आणि तीच, जी वहीत आहेत."

काकू पुढे येऊन म्हणाल्या, "दुसऱ्यांचं मला माहीत नाही बाई, पण माझं झाड मी डोळे मिटून दाखवीन. त्यात काय राहतं ते अजून मला शिव्या देतंय."

"माझ्यावर गाठ आहे, अगदी दाढेसारखी," डॉक्टर म्हणाले. "आणि दुसऱ्याला दोन फांद्या एकाच जागी फुटल्यात."

"माझं वाकडं आहे, खांद्यात!" "माझ्यावर डिंक आलाय!" "माझ्यापाशी मी जेवलो, पावाचे तुकडे असतील!" एकदम पन्नास माणसं बोलायला लागली. ताई खुर्चीत ताठ बसली. तिचे डोळे चमकायला लागले होते.

"ऐका! ज्यानं जे झाड पुसलं, त्यानं त्याला पाठ लावून उभं राहायचं. दोन-तीन असतील त्यांनी एकाशी उभं राहायचं, बाकीच्या झाडांना अंगावरचं काहीतरी बांधा. पळा!"

आणि गाव पळालं. बघता बघता झाडांना रुमाल लागले, कमरेचे पट्टे लागले, टोप्या, मोजे, काकूंचा एप्रन, डॉक्टरांचा टाय. एका झाडाला कुणाचा तरी बनियन होता आणि त्याचा मालक शेजारच्या झाडाला उघड्या अंगानं पाठ लावून उभा होता. इकडे पेंटर खात्याच्या निळ्या रंगाशी झुंजत होता. ताईचा डबा संपला होता, तो रंग बाजारात मिळत नव्हता, आणि वेगळी छटा दिसली तर मुकादमाची माणसं हसली असती. त्यानं सकाळचा, पट्टे पुसून निळा झालेला थिनरचा बोळा समोर ठेवला, निळ्यात पांढरा घातला, मग थेंबभर काळा. पहिल्यांदा फिका झाला, दुसऱ्यांदा मेला. तिसऱ्यांदा त्यानं काडीनं रंग बोळ्यावर ओढला आणि काडी कुठे संपली तेच दिसेना. इतक्या जिवापाड त्यानं आजवर कुठल्याच दुकानाचा रंग कालवला नव्हता.

मग ताईची खुर्ची झाडाझाडापाशी फिरायला लागली. डॉक्टर टेप लावून घेर ओरडायचे, ताई वहीत शोधायची, "आहे!" म्हणून खूण करायची, आणि त्या "आहे"सरशी पेंटर आणि हातात ब्रश धरता येणारी आणखी सहा माणसं तुटून पडायची. पन्नास. एकशे वीस. दोनशे पार झाले तेव्हा उघडा माणूस नाचला. तीनशे नव्वदला ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं. चारशे. चारशे सात. चारशे अकरा.

चारशे अकरावर मोजणी अडली.

"एक कुणाचं राहिलं?" ताईनं हाक दिली. उतारभर एकमेकांकडे बघणं झालं. प्रत्येकाच्या झाडाला पट्टा होता. मग हळूहळू सगळे पेंटरकडे बघायला लागले.

"तू पहिलं पुसलंस सकाळी," काकू म्हणाल्या. "आम्ही टाळ्या वाजवल्या. कुठलं रे ते?"

पेंटरला आठवेना. तिथं टाळ्या वाजवणाऱ्यांनाही आठवेना, कारण तेव्हा सगळे त्याच्याकडे बघत होते. आणि त्यानं तर झाडाकडे बघितलंच नव्हतं. गाठ नाही, फांदी नाही, ढोली नाही. दीडदोनशे माणसांत आपलं झाड न ओळखणारा एकच निघाला, आणि तो सगळ्यांना घेऊन आलेला.

"झाड जाऊ दे," ताई म्हणाली. "पट्टा कसा होता?"

त्याचा चेहरा उतरला. "वाकडा होता. फार खाली, गुडघ्याच्या जरा वर. ओघळलेला. मी सगळ्यांना म्हणालो, बघा, हिचा हातसुद्धा थरथरलाय."

ताईनं पट्टी बांधलेल्या पायाकडे बघितलं.

"तो गुरुवारचा," मग ती म्हणाली. "शेवटचा. तिथंच पाय गेला माझा. उठता येईना, पण डब्यात रंग होता, म्हणून बसून काढला. ओढ्याच्या काठाला, मोठ्या खडकापलीकडे."

पेंटरनं खुर्चीची वाट बघितली नाही. त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि उतारावरून तिरका धावत सुटला. "अरे गाढवा, पाडशील!" ती ओरडत होती, त्याचे खांदे घट्ट धरून, आणि मागून सगळं गाव धावत होतं. खडकापलीकडे झाड होतं. प्रचंड, एकटं, मातीनं माखलेलं. डॉक्टरांनी टेप लावला. घेर जुळला.

"खालीच काढ," ताई म्हणाली. "वहीत तशी नोंद आहे."

पेंटर जमिनीवर बसला. एवढा हात बसलेला माणूस, पण बसून त्याला सरळ ओढता येईना. जमीन घसरडी, बुंधा कवेत मावेना, हात पुरेना. पट्टा पुरा करायला त्याला बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत अख्ख्या झाडाला फेरी मारावी लागली. त्याचे तर दोन्ही पाय धड होते. ती एक पाय ओढत सरकली असणार. पट्टा वाकडा झाला, ओघळला, आणि तो रडतोय हे त्यानं कुणापासून लपवलं नाही.

"चारशे बारा!" ताईनं वही मिटली. तो आकडा झाडाझाडावरून ओरडत खाली गावापर्यंत गेला.

सोमवारी सातला चौदा करवती घेऊन मुकादम आला. गाव रस्त्याच्या कडेला उभं होतं. ताई काठी टेकून गणवेशात, तिच्या शेजारी पेंटर. मुकादमानं पहिल्या झाडावरच्या पट्ट्याला बोट लावलं. सावलीतला रंग अजून ओला होता. त्यानं निळं बोट वर धरून बघितलं.

"काल तर तुम्ही म्हणालात, एकही पट्टा नाही," त्याचा एक माणूस म्हणाला.

"काल रविवार होता," मुकादम बोट पँटला पुसत म्हणाला. "रविवारी मी कामाचं काही बघत नाही. निळं राखायचं. चला."

करवत सुरू झाली. बारा मिनिटांनी बिनपट्ट्याचं पहिलं झाड पडलं आणि पायाखालची जमीन हलली. पेंटरनं डोळे मिटून घेतले. चारशे बारा उभी राहणार होती, पण हेही झाडच होतं. त्याला वाटलं, ताई वहीत आकडा लिहिते आहे. त्यानं बघितलं तर वही मिटलेली होती आणि तिचे ओठ घट्ट आवळलेले होते.

"पलीकडच्या उतारावरच्या तोडीची सुनावणी शुक्रवारी आहे," ती म्हणाली.

"माहितीये. मी बोलणारे तिथं."

"तू नको. तू माझ्या शेजारी बस." पडलेल्या झाडावरची नजर तिनं काढली नाही. "मी बोलणार आहे. याच गणवेशात."

"ताई, नोकरी?"

तिनं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोकळ्या हातानं त्याचं कोपर धरलं. "दहा वाजता आहे. सगळ्यांना घेऊन ये," ती म्हणाली.